दुकान मामाकडे, नाक आईकडे

दिवाळीच्या आठ दिवस आधी आमच्या अमरावतीच्या घरात उटण्याची गडबड सुरू होते. आई अकोल्याहून येते. चटई अंथरायची, मोठी परात मध्ये ठेवायची आणि एकेक पुडी सोडायची. संत्र्याची वाळवलेली सालं, नागरमोथा, कचोरा, वाळा, आंबेहळद, गुलाबाच्या पाकळ्या. आई प्रत्येकाची चिमूट उचलून नाकाशी नेते आणि निकाल देते. "हा वाळा मागच्या सालचा हाय." "कचोऱ्यात भेसळ हाय, वापस कर." दुकानदार शपथ घेऊन सांगत असला तरी आमच्या घरात शेवटचा शब्द आईच्या नाकाचा.

२०२१ च्या दिवाळीत तिनं चिमूट उचलली, नाकाशी नेली आणि तशीच बसून राहिली. मला वाटलं, हिला काही आठवलं असेल. थोड्या वेळानं म्हणाली, "मले काईच समजून नाई राह्यलं वं."

त्या वर्षी फेब्रुवारीत अमरावती आणि अकोल्यात कोरोनाची दुसरी लाट आली होती. बाकीचा महाराष्ट्र सावरल्यासारखा वाटत होता, तेव्हा आपल्याकडे पुन्हा टाळेबंदी लागली होती. आईलाही कोरोना झाला. ती बरी झाली, हिंडू-फिरू लागली. वास मात्र गेला तो पुरता परत आलाच नाही. अनेकांचा वास महिना-दोन महिन्यांत परततो, असं डॉक्टर म्हणाले होते. आईच्या वयाला ते जमलं नसावं. भाजी करपली तरी तिला आता कुणीतरी सांगावं लागतं.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, डोळे शाबूत आहेत, पाय चालतात, मग वासाचं एवढं काय? पण आईचा वास जाणं म्हणजे गवयाचा गळा जाण्यासारखं आहे. त्यासाठी तिच्या माहेरची गोष्ट सांगावी लागेल.

माझ्या आजोबांचं जुन्या अकोल्यात गंध्याचं दुकान होतं. अत्तर, अष्टगंध, बुक्का, शिकेकाई, धूप, उदबत्ती, केसांचं सुगंधी तेल असं सगळं तिथं मिळायचं. दुकान पुढे आणि घर मागे. मधल्या दारावर पडदा. मुलींनी पडद्याच्या पुढे यायचं नाही. पण माल मागच्या खोलीतच तयार व्हायचा आणि तिथं आजोबांच्या हाताशी असायची ती आई. दहा-अकरा वर्षांची असल्यापासून ती तेलं ओळखायची. चंदनाच्या तेलात दुसरं तेल घातलं असेल तर कुपी उघडताच सांगायची. आजोबांनीही तिचं ऐकून दोनदा माल परत केला होता. मामा तिघं. त्यांतल्या एकालाही हे जमलं नाही. पण आजोबा तिच्याबद्दल कौतुकानं म्हणायचे ते एवढंच, "पोरगी पोरगा असती तं बरं झालं असतं."

त्या दुकानातला एक माल थेट आपल्या वऱ्हाडातला होता. परतवाड्याचा एक व्यापारी मेळघाटातून रोशाच्या तेलाचे डबे आणायचा. रोशा म्हणजे तिखाडी गवत. सातपुड्याच्या उतारावर ते आपोआप उगवतं. पावसाळा सरता सरता फुलोऱ्यावर आलं की कापायचं, पाण्यासोबत मोठ्या हंड्यात घालून खालून जाळ करायचा आणि वाफ नळीतून थंड पाण्यातल्या भांड्यात उतरवायची. वर तरंगतं ते तेल. शंभर किलो गवतामागं जेमतेम अर्धा किलो. म्हाताऱ्या माणसांचे गुडघे चोळायला ते आपल्याकडे वापरतात. पण बोटाला लावून थोडं थांबा आणि मग हुंगा. गवताचा उग्रपणा उडाला की मागे गुलाबासारखा वास राहतो.

हे माझ्या आईला नाकानं माहीत होतं. कारण मला माझ्या लेकीकडून कळलं. ती इथं बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, रसायनशास्त्र घेऊन. गुलाबाच्या तेलात जिरॅनिऑल नावाचं द्रव्य असतं, तेच रोशाच्या तेलात तीन-चतुर्थांशाहूनही जास्त असतं. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून अरबस्तानमार्गे थेट इस्तंबूलपर्यंत जायचं. तिथून ते ‘तुर्की जिरॅनियम’ असं भलतंच नाव घेऊन बल्गेरियात पोहोचायचं आणि गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळलं जायचं. काही जण तर अर्क काढण्याआधी पाकळ्यांवरच ते शिंपडायचे. युरोपातल्या बायका गुलाबाचं म्हणून जे लावत होत्या, त्यात आपल्या सातपुड्याचं गवत होतं. गवत कापणाऱ्या बाईला मात्र ते कुणी सांगितलं नसेल. आणि लावणाऱ्या बाईलाही नाही.

आजोबा १९८८ मध्ये गेले. दुकान मोठ्या मामाकडे आलं. मामा वाईट नव्हते, पण त्यांना त्या धंद्यात रस नव्हता. गिऱ्हाइकाला तयार स्प्रे हवा, फाया कोण लावतो, असं म्हणत त्यांनी आधी कटलरी ठेवली, मग प्लॅस्टिक. १९९९ मध्ये जागाच विकायची ठरली, तेव्हा आईला सहीसाठी बोलावलं. हक्कसोड. आपल्यापैकी कितीजणींनी ती सही केली असेल! भाऊ आहे, माहेर तुटायला नको, म्हणून आईनंही केली. वहिनीनं चांगली इरकल नेसवली, खणा-नारळानं ओटी भरली.

निघताना आईनं एकच गोष्ट मागितली. आजोबांची लाल कापडी बांधणीची वही. त्यात उटण्याचं, तेलाचं, अष्टगंधाचं प्रमाण लिहिलेलं होतं. कितीतरी पानांवर आईच्याच लहानपणच्या अक्षरात. मामा म्हणाले, "ते तं कवाचीच रद्दीत गेली. तुले कायले पाह्यजे होती?"

आई त्यावर काही बोलली नाही. अकोल्यातच सासर असल्यानं घर फार दूर नव्हतं. रिक्षा न करता ती चालत घरी आली. मी तेव्हा तिच्यासोबत होते. जागेच्या पैशांसाठी ती कधी हळहळली नाही. वहीसाठी मात्र मी तिला नंतर रडताना पाहिलंय.

हिंदू वारसा कायद्यात १९९४ मध्ये महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये केंद्रानं दुरुस्ती केली, वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांसारखा हक्क दिला. फार चांगलं झालं. पण तो हक्क शेताचा, घराचा, पैशाचा. घरात जी विद्या असते तिच्या वाटणीचा कायदा कुठंच नाही. ती ज्याच्या हाताला आहे त्याला न देता ज्याचं नाव पुढं लागतं त्याला दिली जाते. आणि मग ती बुडते.

माझं हे म्हणणं मी नुसतं आईच्या प्रेमापोटी मांडत नाही. मागच्या वर्षी लेकीला कॉलेजात सुगंधांवर बोलायचं होतं, म्हणून ती माहिती जमवत होती. रोज रात्री जेवताना एकेक गोष्ट सांगायची. त्यांतल्या दोन माझ्या मनात घर करून बसल्या.

पहिली स्पेनची. बार्सिलोना शहरात १९१६ साली एस्तेवे मोनेगाल या माणसानं ‘मिरुर्खिया’ नावाची सुगंधाची पेढी काढली. हा गडी शिक्षणानं शिल्पकार! त्यामुळे नुसता वास चांगला असून त्याला चालायचं नाही. कुपी, डबी, वेष्टन सगळं देखणं हवं. त्यांचा ‘माहा’ साबण तर जगभर गेला. काळ्या-लाल वेष्टनावर स्पॅनिश पोशाखातली नर्तकी. तोर्तोला व्हालेन्सिया ही त्या काळातली नामांकित नर्तकी त्या चित्रामागे होती. १९३० च्या सुमारास उभी राहिलेली त्यांच्या कारखान्याची इमारत आजही बार्सिलोनाच्या पाहण्यासारख्या इमारतींत धरतात. घराणं म्हणावं ते असं.

पण २००० साली ही पेढी त्याच शहरातल्या दुसऱ्या घराण्यानं, पुच कुटुंबानं, विकत घेतली. पुच यांचा धंदा १९१४ चा. माद्रिदची १८९८ ची ‘गाल’ नावाची जुनी पेढीही त्याआधीच, १९९५ मध्ये, त्यांच्याकडे आली होती. म्हणजे तीन जुन्या पेढ्यांपैकी दोन तिसरीच्या पोटात गेल्या. पुच मात्र वाढत राहिले आणि २०२४ च्या मे महिन्यात शेअर बाजारातही आले. धंद्यात असं होतं, त्यात कुणाला दोष द्यायचं कारण नाही. मला त्यातून एवढंच दिसलं की नाव विकलं जातं, इमारत विकली जाते, वेष्टनावरची नर्तकीसुद्धा विकली जाते. शंभर वर्षांचा तोरा एका सहीनं दुसऱ्याच्या घरी जातो. मग वारसा म्हणून हाती उरतं काय? उरते ती कसब असलेली माणसं आणि त्यांनी पुढच्यांना शिकवलेलं.

दुसरी गोष्ट आपल्या मराठी माणसांची. एस. एच. केळकर आणि कंपनी. १९२२ साली मुंबईत सुरू झाली. केळकर आणि वझे ही दोन्ही नावं तिच्याशी जोडलेली आहेत, आणि ‘केवा’ या तिच्या नावात त्यांची आद्याक्षरं ऐकू येतात. हे नाव तुम्ही कदाचित ऐकलंही नसेल, कारण त्यांचा धंदा कुपीत भरून आपल्याला विकण्याचा नाही. साबण, उदबत्ती, पावडर, तेल करणाऱ्यांना ते सुगंध पुरवतात. त्यामुळे वेष्टनावर नाव साबणवाल्याचं. सुगंध कुणी बांधला, हे न्हाणीघरात उभ्या असलेल्या बाईला कळायचं कारणच नाही. अशी ही पडद्यामागची पेढी २०१५ मध्ये शेअर बाजारात आली आणि २०२२ मध्ये तिला शंभर वर्षं झाली.

मला मोठी वाटली ती वेगळीच बाब. मुंबईत मुलुंडला केळकर शिक्षण संस्थेनं १९८४ मध्ये महाविद्यालय काढलं. विनायक गणेश वझे यांच्या नावाचं. इतर शिक्षणाबरोबर त्या महाविद्यालयानं सुगंध आणि सौंदर्यप्रसाधनांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही सुरू केला. विचार करा. ज्या धंद्यात बाप मुलालाही शेवटचं प्रमाण मरताना सांगतो असं म्हणतात, त्या धंद्यातली विद्या वर्गात, फळ्यावर आली. आडनाव केळकर-वझे नसलं तरी चालतं. मुलगी असली तरी चालतं. लागते ती विज्ञानाची पदवी आणि शिकायची तयारी.

तिथंही कंपनीची गुपितं कुणी वाटत नसणार, हे मला कळतं. कुठलाच धंदेवाला स्वतःचं प्रमाण चव्हाट्यावर मांडणार नाही आणि मांडूही नये. पण गुपित राखणं वेगळं आणि विद्या कोंडून ठेवणं वेगळं. काळ्या मसाल्यात दगडफूल किती घालायचं हे आपण जावेला सांगत नाही, पण मसाला भाजायचा कसा हे तर सगळ्या सुनांना शिकवतो ना? सुगंधाचंही तसंच आहे. कागदाच्या पट्टीवर थेंब टाकायचा आणि थांबून थांबून हुंगायचं. आधी लिंबा-संत्र्याचे हलके वास येतात आणि उडून जातात. मग फुलं येतात. शेवटी चंदन, कस्तुरीसारखे जड वास तासन्‌तास मागे राहतात. लेकीनं हे सांगितलं तेव्हा आई हसली. म्हणाली, "ह्ये तं मी फाया ठेवून पाहत होती. सकाळी येगळा, संध्याकाळी येगळा." तिला फक्त त्याला काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं.

आता माझी स्वतःची चूकही सांगते, नाहीतर सगळा दोष आजोबा-मामांवर टाकल्यासारखं होईल. मीही आईला कधी विचारलं नाही. शाळेत असताना तिच्या हातांना शिकेकाईचा, धुपाचा वास यायचा याची मला लाज वाटायची. मैत्रिणींच्या आयांच्या अंगाला विकतच्या पावडरीचा वास यायचा, तो मला भारी वाटायचा. पुढं नोकरी, संसार. दर दिवाळीला उटणं आयतं मिळत होतं, तेव्हा ते लिहून घ्यावं असं डोक्यातही आलं नाही. वही रद्दीत गेली म्हणून मी मामांना मनात किती बोल लावला! पण आई स्वतः एक वही होती आणि ती माझ्या घरात दर वर्षी आठ दिवस राहायला येत होती. मी ती उघडून पाहिली नाही. नाक गेल्यावर जाग आली.

२०२१ च्या त्या दिवाळीत उटणं झालं ते असं. लेक तेव्हा अकरावीत होती. आजीची चिमूट हवेतच राहिलेली पाहून तिनं ती स्वतःच्या नाकाशी नेली. आजी विचारत गेली, ती सांगत गेली. "ओल्या मातीसारखा येते का?" "हो आजी." "मागून कडू लागते?" "थोडंसं." "मंग बरोबर हाय, टाक." आजीच्या ओंजळीनं प्रमाण आणि नातीच्या नाकानं निकाल. मी शेजारी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसले आणि प्रत्येक ओंजळ तोलून लिहिली. आई वैतागली, "असं मोजून कुठं उटणं होते?" तरी मी लिहिलं. तेव्हापासून दर वर्षी हाच क्रम आहे. आता निळ्या पुठ्ठ्याची एक वही झालीय. उटण्याबरोबर अष्टगंध आलं, केसांचं तेल आलं. रोशाचं तेल कुठं, किती हेही आलं. पहिल्या पानावर आईनं स्वतःच्या हातानं नाव लिहिलंय. तिचं.

यंदा लेक मुलुंडच्या त्या अभ्यासक्रमाची चौकशी करतेय. आमच्याकडच्या एका नातेवाइकांनी विचारलं, "एवढी शिकून साबणाले वास लावणार काय?" पूर्वी मी गप्प बसले असते. या वेळी सांगितलं, "हो, लावणार. तिच्या आजीनं लावला असता, तर आज अकोल्यात आमच्याही दुकानाची पाटी असती." प्रवेश मिळेल की नाही, मुंबईचा खर्च झेपेल की नाही, ठाऊक नाही. तो आमचा आम्ही पाहू.

माझं तुम्हा सगळ्यांना एवढंच सांगणं आहे. वारसा म्हटला की आपल्याला सातबारा आठवतो, दागिने आठवतात. तुमच्या आईच्या, सासूबाईंच्या, मोठ्या जावेच्या हातात काहीतरी असेल. कुणाच्या हातात पापडाचा खार असेल, कुणाच्या बाळंतिणीचे लाडू, कुणाच्या गोधडीचा टाका. या दिवाळीत त्यांच्याजवळ बसा. ‘अंदाजानं’ म्हणतील, तो अंदाज काट्यावर तोला. कोणत्या महिन्यात, कोणत्या दुकानातलं, किती वाळवलेलं, सगळं लिहा. वहीवर त्यांचं नाव घाला. आणि घरात ते पुढं द्यायची वेळ येईल तेव्हा मुलगा की मुलगी, लेक की सून, हे बघू नका. हात कुणाचा वळतो, ते बघा. घरात कुणालाच नको असेल तर शेजारच्या पोरीला द्या. ते जिवंत राहिलं म्हणजे झालं.

आणि हक्कसोडीच्या कागदावर सही करायची वेळ आलीच, तर आधी शांतपणे वाचा. सही करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण वही मात्र मागून घ्या, रद्दीत जाण्याआधी.

मागच्या दिवाळीत पहाटे अभ्यंगस्नानाला आईनं उटण्याची वाटी हातात घेतली, सवयीनं नाकाशी नेली. मी बघत होते. म्हणाली, "संत्र्याचं साल जरासं आल्यावाणी वाटून राह्यलं." खरंच आलं की आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणाली, मी विचारलं नाही. लेकीनं वहीत तारीख घालून तेवढं लिहून ठेवलं.